मापात पाप नको: केक-बिस्किटांसाठी घरचं वजनमाप

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या जळगावात बेकऱ्यांसमोर डब्यांची रांग लागायची. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, भट्टीवाल्याने नानकटाई पाडून भाजून द्यायची आणि किलोमागे मजुरी घ्यायची. आईबरोबर त्या रांगेत मी कितीदा तरी बसले आहे. भट्टीवाले चाचा एकच विचारायचे, "किलोला किती?" आई म्हणायची, "तीन पाव साखर, तीन पाव तूप." चाचा मान हलवायचे, पण आईच्या शब्दावर विसंबायचे नाहीत. प्रत्येक डबा तराजूत टाकून बघायचे आणि मगच परातीत ओतायचे. आईला दरवर्षी त्याचा राग यायचा.

हीच आई घरी कळण्याच्या भाकरीचं पीठ भिजवताना डोळे मिटून पाणी ओतायची. आजीचं तर ठरलेलं वाक्य होतं, "मोजीसन काय करस व माय, हातले समजस." तिच्या हाताला खरंच समजायचं. पण भाकरीत एक सोय असते. पीठ सैल झालं तर मूठभर पीठ टाका, घट्ट झालं तर पाण्याचा हबका मारा. तव्यावर जाईपर्यंत चूक सुधारता येते. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की हात मध्ये घालता येत नाही. आत काय होणार ते तुम्ही मोजताना काय केलं त्यावर आधीच ठरलेलं असतं.

माझा पहिला केळ्याचा केक मधोमध शिऱ्यासारखा राहिला होता. दोष ओव्हनला दिला, ओव्हन बिचारा निर्दोष होता. मी 'दोन कप मैदा' म्हणून आमटीच्या दोन वाट्या घेतल्या होत्या आणि 'तीन केळी' म्हणून रावेरकडची चांगली वीतभर लांबीची तीन केळी. नव्याने बेकिंग शिकणाऱ्या ज्या ज्या बायका आणि मुलं मला विचारतात, त्यांच्या दहातल्या आठ तक्रारी याच जातीच्या असतात.

आधी माप आणि वजन यांतला फरक

माप म्हणजे भांड्यात किती मावतं ते. वजन म्हणजे काट्यावर किती भरतं ते. आपल्या आज्यांना हा फरक नीट ठाऊक होता. धान्य मापाने मोजायचे: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. (खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन.) गूळ-तूप मात्र तराजूवर तोलायचं. तिथला शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, आजच्या हिशोबाने सुमारे ९३३ ग्रॅम. नाव एकच, पण एक शेर मापाचा आणि एक वजनाचा, आणि दोघांची गल्लत कुणी करत नसे.

परदेशी पाककृतीतला 'कप' हे माप आहे. ज्वारी किंवा पाणी मापाने मोजलं तर फारसं बिघडत नाही, कारण ते दाबून बसत नाही. मैदा बसतो. डब्यात कप खुपसून भरून काढलात तर त्यात १५० ग्रॅम मैदा येऊ शकतो. तोच मैदा आधी मोकळा करून, चमच्याने अलगद कपात टाकून, वरून सुरीने सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो. म्हणजे दोन कपांत ५० ग्रॅमचा फरक, तोही माप 'बरोबर' घेऊन. केक कोरडा का झाला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

म्हणून पहिली पायरी: कप विकत घेण्याआधी वजनकाटा घ्या.

काटा कसा निवडायचा, कसा वापरायचा

पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल किचन काटा पुरतो. जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोलतात तसला मिलिग्रॅमचा काटा नको. मात्र सराफाची सवय उचला: तो प्रत्येक वेळी काटा शून्यावर आहे का ते आधी बघतो.

काटा सपाट जागी ठेवा. ओट्याला सिंककडे थोडा उतार असतो, तिथे आकडा चुकू शकतो. जेवणाचं टेबल किंवा सरळ फरशी बरी. आणि पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे, मला कल्पना आहे. पण डोक्यावर पंखा फिरत असला की आकडा एक-दोन ग्रॅम खालीवर नाचत राहतो आणि कोको उडतो तो वेगळाच.

रिकामं भांडं काट्यावर ठेवा, 'टेअर' किंवा 'झीरो' लिहिलेलं बटण दाबा. आकडा शून्य झाला की मैदा घाला. २५० झाले? पुन्हा बटण दाबा, त्याच भांड्यात साखर घाला. असं एकाच भांड्यात सगळं मोजून होतं, घासायला चार वाट्या कमी. फक्त एक धोका: हात सैल सुटून साखर जास्त पडली तर ती मैद्यातून वेगळी काढता येत नाही. नवे असाल तर साखर निदान पहिल्या दोन-तीन वेळा वेगळ्या वाटीत मोजा. आणखी एक, हे काटे दोन-तीन मिनिटं काही हललं नाही की आपोआप बंद पडतात. मध्येच फोन घ्यायला गेलात तर भांड्यात किती होतं ते विसरा. सगळं सामान आधी समोर मांडून बसा.

काटा खरा आहे का, ते घरीच तपासता येतं. १० रुपयांचं दोन रंगी नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. अशी दहा नाणी ठेवलीत तर ७७ च्या आसपास आकडा यायला हवा. लोण्याचं न फोडलेलं १०० ग्रॅमचं पाकीट ठेवून बघा, कागदासकट शंभरच्या किंचित वर दाखवेल. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे दिसलं तर आधी सेल बदला, बरेचदा दुखणं तेवढंच असतं.

घरातली वाटी किती मिलीची?

पाण्याचा एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅम भरतो, आणि ही एवढी गोष्ट माहीत असली की घरातलं कुठलंही भांडं मापाचं होतं. वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जो आकडा येईल तितक्या मिलीची ती वाटी. मी आमच्या घरच्या सहा स्टीलच्या वाट्या अशा मोजल्या तेव्हा सर्वांत लहान १३० ची निघाली आणि सर्वांत मोठी २१० ची. त्यातली प्रत्येक 'एक वाटी' होती! आजीचं पितळी चिपटंही भरून बघितलं, त्यात २७८ आलं.

कपाचंही तसंच. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा धरतात (नेमका २३६.६), ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानी २०० चा. बाजारात मिळणाऱ्या आपल्याकडच्या प्लास्टिकच्या सेटवर कधी २४० असतं, कधी २५०. घेताना तळाशी वाचा. २४० आणि २५० च्या फरकाने घरचा केक बिघडत नाही. जपानी पाककृती अमेरिकन कपाने केलीत तर मात्र बिघडेल. सोन्याचंच बघा ना, सराफाकडे आज तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात आणि जुना तोळा ११.६६ चा होता. आजीच्या पाच तोळ्यांचा हिशोब मांडताना घरोघर याच्यावरून वाद होतात.

चमचे: इथे काटा कामाचा नाही

बेकिंग पावडर, सोडा, मीठ, यीस्ट या गोष्टी तीन-चार ग्रॅम लागतात. एक ग्रॅमच्या काट्यावर तीन ग्रॅम मोजायला जाल तर तो दोनही दाखवेल आणि चारही. इतक्या लहान मापाला चमचाच बरा, पण मापाचा चमचा. छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली. (ऑस्ट्रेलियन पाककृतीत मोठा चमचा २० मिलीचा असतो.) घरातला चहाचा चमचा कुठल्याच मापात बसत नाही.

सेट नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण बघा, त्यावर २.५, ५, १० अशा रेघा असतात. मेडिकलमधून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज आणलीत तर व्हॅनिला इसेन्ससाठीही ती उत्तम. कोरडी पावडर मात्र चमच्यानेच: भरून घ्या, वरून सुरीच्या पाठीने सपाट करा. आपल्याकडे चमचा शीग लावून भरायची सवय असते. शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दीडपटही होतो, आणि सोडा दीडपट झाला की केकला साबणासारखी चव येते. हे चाखलेलं आहे, सांगोवांगी नाही.

सोड्याच्या जागी पावडर किंवा उलट, असं सरळ बदलू नका. एक छोटा चमचा बेकिंग पावडरचं काम पाव चमचा सोडा करतो, पण त्याला दही किंवा लिंबासारखं आंबट काहीतरी सोबत लागतं.

कपाचे ग्रॅम

२४० मिलीच्या कपाचे हे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. एखादी पाककृती स्वतःच ग्रॅम देत असेल तर तिचं ऐका, माझं नाही.

मैदा: १२० ते १२५ ग्रॅम
कणीक: सुमारे १२०
रवा: सुमारे १६५
साखर: २००
पिठीसाखर: ११५ ते १२०
ब्राउन शुगर, दाबून भरलेली: २१० च्या आसपास
कोको: ८५
लोणी: २२७ (अमेरिकन पाककृतीतली लोण्याची एक 'स्टिक' ११३ ग्रॅम)
तेल किंवा पातळ तूप: २२०
दूध, दही: २४५
मध: ३४०

या यादीत सर्वांत जास्त फसवते ती साखर आणि पिठीसाखरेची जोडी. एक कप साखर मिक्सरमधून काढली की पावणेदोन कप होते. पाककृतीत 'एक कप पिठीसाखर' असेल आणि तुम्ही एक कप साखर दळून सगळी घातलीत, तर गोडी जवळपास दुप्पट. वजन केलं तर हा प्रश्नच उरत नाही, २०० ग्रॅम साखर दळल्यावरही २०० च राहते, मिक्सरच्या भांड्याला चिकटेल तेवढी सोडून.

मैद्याऐवजी गिरणीची ताजी कणीक वापरणार असाल तर वजन तेवढंच ठेवा, पण दूध दोन-तीन मोठे चमचे जादा हाताशी असू द्या. कोंड्यामुळे ती पाणी अधिक पिते. गिरणीतून गरम आलेलं पीठ पूर्ण गार होऊ द्या. दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाचा केक करून बघणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. त्यांना माझा सल्ला: निम्मा मैदा ठेवा, ज्वारीत ग्लूटेन (पीठ धरून ठेवणारं चिकट प्रथिन) नसतं.

लोणी, तूप, तेल

लोणी थंड आणि घट्ट असतानाच तोला, मऊ नंतर करा. पातळ लोणी भांड्याला लागून पाच-सात ग्रॅम वाया जातं.

लोण्याऐवजी तूप किंवा तेल घालताना वजनाला वजन घालू नका. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप किंवा तेल आणि १५ ते २० ग्रॅम दूध. आपल्याकडचं पाकिटातलं लोणी बहुधा खारं असतं, तेव्हा पाककृतीतलं मीठ गाळा.

आणि 'रूम टेम्परेचरचं लोणी' हा प्रकार. कोणत्या रूमचं, हे कुणी लिहीत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांची रूम २० अंशांची असते. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४४-४५ अंश आणि स्वयंपाकघरात त्याहून वेगळं काही नसतं. तिथे लोणी ओट्यावर ठेवून आंघोळीला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा रस्सा झालेला असतो. असं वितळलेलं लोणी साखरेबरोबर फेटून हलकं होत नाही, कारण हवा धरून ठेवायला ते थोडं घट्ट लागतं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊन घसरू नये. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून तुकडे केले की पाच-दहा मिनिटं पुरतात. डिसेंबरात, धुळ्याकडे पहाटे चांगली हुडहुडी भरते तेव्हा, तासभर लागेल.

नगावर मोजायच्या गोष्टी

'दोन अंडी' म्हणजे अमेरिकन पाककृतीत दोन मोठी अंडी, कवच काढून प्रत्येकी ५० ग्रॅम. आपल्या दुकानातलं अंडं बहुतेकदा त्याहून लहान, गावरान तर आणखी लहान. म्हणून अंडी फोडून वाटीत फेटा आणि १०० ग्रॅम तोलून घ्या, मग ती दोन लागोत की तीन. अर्धी पाककृती करायची आणि अंडं एकच असेल तेव्हाही हीच युक्ती: फेटून २५ ग्रॅम घ्या, उरलेलं ऑम्लेटला. बिनअंड्याचा केक करणारे एका अंड्याऐवजी साधारण ६० ग्रॅम दही घेतात. दही पाणीदार असेल तर आधी थोडं निथळा.

केळ्यांचं आमच्याकडे विशेष सांगावं लागतं. पाककृतीतलं 'मध्यम केळं' सोललेलं ११५-१२० ग्रॅमचं असतं. यावल-रावेरकडची चांगली पोसलेली केळी यात बसत नाहीत, आणि केळ्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सालीतच जातो. तीन केळी म्हणजे ३५० ग्रॅम गर असं धरा, सोलून, कुस्करून, काट्यावर. माझ्या त्या शिऱ्यासारख्या केकमध्ये, आता हिशोब करते तर, पाचशेच्या वर गर गेला असावा आणि मैदा दोन कपांच्या बराच खाली.

डबा बदलला तर

सहा इंची डब्याची पाककृती आठ इंची डब्यात करायची तर दोन इंचांनी काय फरक पडतो, असं वाटतं. व्यासाचा वर्ग करा: ६ गुणिले ६ म्हणजे ३६, ८ गुणिले ८ म्हणजे ६४. भागाकार १.८. सामान जवळजवळ पावणेदोनपट लागेल. दोन्ही डबे गोल असतील तेव्हाच हे चालतं. आठ इंची चौकोनात आठ इंची गोलापेक्षा सव्वापटीहून थोडं जास्तच मावतं.

इथे भट्टीवाल्या चाचांची रीत कामाला येते. 'किलोला तीन पाव' म्हणजे मैदा १०० धरला तर साखर ७५, तूप ७५. बेकरीवाले सगळ्या जगात हिशोब असाच ठेवतात, मैदा शंभर आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात. २०० ग्रॅम मैद्याची नानकटाई करायची? १५० साखर, १५० तूप. दीडशेची? ११२ आणि ११२. ग्रॅममध्ये लिहिलेली पाककृती अशी कितीही ताणता येते. 'पाऊण कप अधिक दोन चमचे' यांचा दीडपट करत बसा म्हणजे कळेल.

एक पाककृती उलगडून

समजा समोर अमेरिकन केळ्याचा केक आहे: दोन कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा कप लोणी, दोन अंडी, तीन केळी, एक छोटा चमचा सोडा, पाव चमचा मीठ, ३५० अंश, ९ बाय ५ इंचाचा लांबट डबा, एक तास.

करायला घेण्याआधी वहीत दुसरी ओळ लिहा: मैदा २५० ग्रॅम, साखर १५०, लोणी ११३, अंडी फेटून १००, केळ्याचा गर ३५०. सोडा सपाट चमचा. लोणी खारं, म्हणून मीठ नाही. ३५० हे फॅरनहाइट आहेत; त्यातून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा, १७७ येतात, म्हणजे ओव्हनचा काटा १८० वर. ओव्हनमध्ये पंखा असेल तर २० अंश कमी. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बरंच अंतर असू शकतं, आत ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं ते घ्या.

लांबट डबा घरी नसतो. ९ बाय ५ म्हणजे ४५ चौरस इंच, आठ इंची गोल डबा ५० चा, तेव्हा सामान तेच ठेवून गोल डब्यात करा. थर पातळ होईल, म्हणून तासाऐवजी ४० मिनिटांनी सळई खुपसून बघा आणि ओली निघाली तर पाच-पाच मिनिटं वाढवा. किती मिनिटं लागली ते वहीत त्याच ओळीपुढे लिहून ठेवा, पुढच्या वेळी ओव्हन तुमचाच असणार आहे.